वास्तुकलेचे विद्यार्थी नापास कां होतात ?

वास्तुकलेच्या महाविद्यालयांत मुलाला अगर मुलीला प्रवेश मिळाला म्हणजे घरांत आनंद होतो. पांच वर्षें सरलीं कीं कुटुंबांत एक आर्किटेक्ट होणार, असा हिशेब मांडला जातो. पुढें एखाद्या वर्षीं निकाल लागतो आणि डिझाइन या मुख्य विषयांतच विद्यार्थी अनुत्तीर्ण झाल्याचें कळतें. त्यानें रात्री जागून काढलेले नकाशे आणि कापलेल्या पुठ्ठ्यांचे ढीग घरच्या मंडळींनीं पाहिलेले असतात. तेव्हां आळसाचा आरोप करतां येत नाहीं. "मग चुकलें काय ?" असें विचारलें तर उत्तर मिळतें, "परीक्षकांना पसंत पडलें नाहीं." गणितांत नापास झालेल्या मुलाला कोणतें उदाहरण कोठें चुकलें तें दाखवितां येतें. येथें बरोबर आणि चूक यांच्यामधली रेघ सहसा कोणी आंखूनच देत नाहीं. नापासांची संख्या मोठी निघाली म्हणजे दोष विद्यार्थ्यांच्या बुद्धीला लावण्याची रूढि आहे. तो बहुतांशीं शिकविण्यांत असतो, हें या शिक्षणाचा इतिहास पाहिल्यावर ध्यानांत येतें.

ही पद्धति मूळची पॅरिसची. एकोणिसाव्या शतकांत तेथील एकोल दे बोझार या कलाशाळेचा लौकिक दूरवर पसरला होता. व्याख्यानें शाळेंत होत. परंतु डिझाइन हा विषय विद्यार्थी एखाद्या नामांकित वास्तुशिल्प्याच्या चित्रशाळेंत, म्हणजे 'आतेलिए'मध्यें, शिके. तेथें जुने विद्यार्थी नव्यांना शिकवीत, नवे जुन्यांच्या नकाशांना हातभार लावीत, आणि गुरु मधून मधून येऊन प्रत्येकाच्या फळ्यापाशीं थांबे. स्पर्धेच्या दिवशीं विद्यार्थ्याला एकट्याला कोठडींत बसवून १२ तासांत कच्चा आराखडा काढावयास लावीत. पुढें कित्येक आठवडे खपून त्यानें त्याच आराखड्याचे पूर्ण नकाशे करावयाचे. मूळ कल्पना सोडली तर नकाशे बाद. मुदत संपली म्हणजे ते गोळा करण्यासाठीं गाडी फिरे. तिला फ्रेंच भाषेंत 'शारेत' म्हणतात, आणि शेवटच्या घटकेच्या धांवपळीला वास्तुकलेचे विद्यार्थी अजून तेंच नांव देतात. परीक्षक निर्णय देत तो बंद दाराआड.

कारभार कडक खरा. पण त्यांत एक गोष्ट मोठ्या शहाणपणाची होती. तेथें ठराविक वर्षांचा अभ्यासक्रम नव्हता. स्पर्धांमागून स्पर्धा देऊन गुण जमवावयाचे, पुरेसे झाले म्हणजे वरच्या वर्गांत जावयाचें; वयाची ३० वर्षें हीच काय ती मर्यादा. एका स्पर्धेंत पदरांत कांहीं पडलें नाहीं तर पुढच्या स्पर्धेला बसावें. वर्ष बुडालें असें कोणी म्हणत नसे. हीच पद्धति विद्यापीठांनीं उचलली आणि वार्षिक परीक्षेच्या चौकटींत बसविली. 'या खेपेस नाहीं' एवढाच ज्याचा अर्थ होता, तो निकाल येथें 'नापास' झाला.

मुंबईंत हें सर्व टप्प्याटप्प्यानें घडलें. विसाव्या शतकाच्या आरंभीं सर जे. जे. कलाशाळेंत वास्तुकलेचें शिक्षण नीट रुजलें, तें जॉन बेग या सरकारी वास्तुशिल्प्याच्या पुढाकारानें. त्या काळीं बरेच विद्यार्थी दिवसा आर्किटेक्टच्या कचेरींत काम करीत आणि उरलेल्या वेळीं वर्गांत बसत. वर्गांत काढलेल्या जिन्यासारखा जिना कचेरीच्या कामावर बांधला जातांना त्यांच्या दृष्टीस पडे. १९२३ ते १९४३ या काळांत क्लॉड बॅटले हे तेथील प्रमुख होते. ते स्वतः इमारती बांधणारे आर्किटेक्ट. १९३० सालचें मुंबई सेंट्रल स्थानक त्यांचेंच. त्यांनीं विद्यार्थ्यांकडून जुन्या भारतीय इमारतींचीं मापें घेवविलीं आणि त्यांचे नकाशे करविले. जुना खांब हातानें मोजलेल्या मुलाला प्रमाणबद्धता ही कोणाच्या मर्जीची बाब नव्हे, एवढें तरी कळून चुकतें. १९५२ सालीं ही शाळा मुंबई विद्यापीठाशीं जोडली गेली आणि पदविकेच्या जागीं पदवी आली. प्रतिष्ठा वाढली, यांत शंका नाहीं. कचेरींतील उमेदवारी मात्र पुढें पांच वर्षांतील एखाद्या सत्रापुरती उरली.

१९७२ सालीं आर्किटेक्ट्स ॲक्ट झाला आणि त्या अन्वयें कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर ही संस्था निघाली. तिच्या १९८३ च्या नियमांत ८ विद्यार्थ्यांमागें १ शिक्षक असें प्रमाण सांगितलें होतें. हा आंकडा चैनीचा वाटेल. पण हिशेब सोपा आहे. डिझाइनचा वर्ग ४ तासांचा धरला, तर ८ विद्यार्थ्यांपैकीं प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा तास येतो. तेच विद्यार्थी २० झाले तर १२ मिनिटें. बारा मिनिटांत शिक्षकाला नकाशा नीट वाचतांही येत नाहीं. मग "पुन्हां विचार करा" असा शेरा मारून तो पुढच्या टेबलाकडे वळतो. १९८३ नंतरच्या तीन-साडेतीन दशकांत देशांतील अशा महाविद्यालयांची संख्या ४०० च्या वर गेली. इतके शिक्षक आणावयाचे कोठून ? कालपरवां पदवी घेतलेला, एकही भिंत न बांधलेला तरुण आज शिकवावयास उभा राहतो. आराखडा जमला नाहीं हें त्याला दिसतें; कां जमला नाहीं हें सांगण्यास लागणारा अनुभव त्याच्यापाशीं नसतो.

चांगला शिक्षक काय करतो, याचें एक सुरेख उदाहरण डोनाल्ड शॉन या अमेरिकन प्राध्यापकाच्या 'द रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिशनर' या १९८३ च्या ग्रंथांत आहे. पेट्रा नांवाची विद्यार्थिनी उतारावरील जागेंत प्राथमिक शाळा योजीत आहे. इमारत जमिनीशीं जुळत नाहीं, आणि ती अडून बसली आहे. क्विस्ट नांवाचा शिक्षक येतो, तिच्या नकाशावर ट्रेसिंगचा कागद पसरतो आणि बोलतां बोलतां काढूं लागतो. उतार वेडावांकडा आहे ना, मग आपणच त्याला एक शिस्त लावावी; ती नंतर मोडतां येते, असें तो सुचवितो. एका वर्गाकडून दुसऱ्याकडे उतरतांना किती उंचीचा फरक मिळतो, त्या फरकांतून मुलांना बसावयास कशी जागा निघते, हें तो तिच्या देखत काढून दाखवितो. पेन्सिल आणि शब्द एकदमच चालतात. शॉन यांची नजर इतकी स्वच्छ कीं उणीवही त्यांना दिसली: क्विस्ट करून दाखवितो, पण अशा वाटेनें विचार कसा करावा हें फोडून सांगत नाहीं. उत्तमांतल्या उत्तम वर्गाची ही कथा. मग जेथें ट्रेसिंगचा कागदही पसरला जात नाहीं, तेथलें काय सांगावें!

सत्राच्या अखेरीस जें परीक्षण होतें त्याला महाविद्यालयांत 'ज्यूरी' म्हणतात. पॅरिसचें दार उघडलें आणि विद्यार्थी परीक्षकांसमोर उभा राहिला, ही सुधारणाच म्हणावयाची. पण दोन-तीन रात्रींच्या जागरणानें डोळे मिटत असतां ऐकलेल्या टीकेंतून तो काय शिकणार ? कॅथरिन अँथनी या प्राध्यापिकेनें विद्यार्थी, शिक्षक व व्यावसायिक यांची मतें गोळा करून १९९१ सालीं या विषयावर ग्रंथ लिहिला. शिकण्याचें साधन म्हणून ज्यूरी फारच लंगडी आहे, असेंच चित्र त्यांतून दिसतें. २००२ सालीं तर अमेरिकेंतील वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांच्या संघटनेनेंच जागरणाचें हें कौतुक थांबविण्याची मागणी केली.

सर्वांना उत्तीर्ण करावें, असा याचा अर्थ नव्हे. ज्याच्या आराखड्यांत आग लागल्यास बाहेर पडावयास दुसरा जिना नाहीं, त्याला थांबविलेंच पाहिजे. पण मग तसें लेखी सांगावें: जिना चुकला, उजेड चुकला, तुळईचा विचार झाला नाहीं. कोणत्या बाबीला किती गुण, हेंही कामाच्या आरंभींच फळ्यावर लिहितां येतें. त्याला फार तर एक तास लागतो.

प्रवेश घेण्यापूर्वीं पालक वसतिगृह पाहतात, शुल्क विचारतात. त्याबरोबरच डिझाइनच्या वर्गांत एका शिक्षकामागें किती मुलें बसतात, त्या शिक्षकांनीं बांधलेल्या इमारती गांवांत कोठें आहेत, आणि नापास झालेल्या मुलाला तो विषय पुन्हां शिकविला जातो कीं केवळ परीक्षेचा अर्ज भरून घेतला जातो, हें कार्यालयांत विचारण्यास हरकत नसावी.