कर्करोगानंतरची धाव आणि नागावची पुळण

अलिबागहून रेवदंड्याकडे निघाले असता आक्षीच्या पुढे लागणाऱ्या नागावची पुळण ओहोटीच्या वेळी अशी काही विस्तीर्ण होते की, एकेकाळी नित्य पहाटे धावणाऱ्या आणि आता शस्त्रक्रिया, केमो व किरणोपचार या तिन्ही दिव्यांतून बाहेर पडलेल्या मनुष्याला ती पाहून पुन्हा बूट चढवावेसे वाटले, तर त्याला आततायी म्हणता येणार नाही. घरची मंडळी मात्र त्याला आततायीच ठरवतात आणि प्रेमापोटी का होईना, अंथरूण न सोडण्याची ताकीद देतात. या ताकिदीला पूर्वी वैद्यकाचाही पाठिंबा होता. आज तो उरलेला नाही.

१९६६ साली अमेरिकेतील डॅलस येथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे सक्तीने अंथरुणावर निजवून ठेवण्यात आले, तेव्हा त्यांच्या शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सुमारे चतुर्थांशाने घटली. आणि तीस वर्षांनी त्याच पाच जणांची फेरतपासणी झाली, तेव्हा वाढत्या वयाच्या त्या तीस वर्षांनीदेखील जेवढे नुकसान केले नव्हते, तेवढे त्या तीन आठवड्यांनी केले होते, असे आढळले. धडधाकट तरुणांची ही गत, तर औषधांनी पोखरलेल्या देहाची काय कथा! स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्ण स्त्रियांच्या एका मोठ्या पाहणीत ही क्षमता त्याच वयाच्या, व्यायाम न करणाऱ्या निरोगी स्त्रियांपेक्षा सरासरी २७ टक्के कमी भरली. विश्रांतीचा शिरस्ता प्रथम मोडला तो परिचारिकांनी: मेरिल विनिंगहॅम व त्यांच्या सहकाऱ्यांनी केमो चालू असलेल्या स्त्रियांना जागच्या जागी फिरणाऱ्या सायकलीवर बसवले आणि त्यांची ताकद वाढल्याचे १९८९ साली प्रसिद्ध केले. जून २०२५ मध्ये तर त्याहून मोठा दाखला पुढे आला. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ८८९ रुग्णांपैकी ज्यांना उपचारांनंतर तीन वर्षे मार्गदर्शनाखाली व्यायाम करण्यास लावले, त्यांच्यापैकी ९०.३ टक्के आठ वर्षांनंतर हयात होते. ज्यांना केवळ माहितीपुस्तिका दिली, त्यांच्यात हे प्रमाण ८३.२ टक्के होते. हा पुरावा एका विशिष्ट कर्करोगापुरता आहे आणि त्यातील व्यायामात साधे भरभर चालणेही जमेस धरलेले होते, हे विसरून 'धावल्याने कर्करोग बरा होतो' अशी दवंडी पिटणाऱ्यांपासून वाचकाने दूर राहावे.

परंतु धावण्याची मुभा आहे म्हणजे कालच्या वेगाने धावण्याची मुभा आहे, असे नव्हे. जुन्या शर्यतींच्या वेळा पाहून सराव आखणारा मनुष्य चुकीचे दप्तर उघडून बसलेला असतो. उघडायची असते ती रुग्णालयाची फाईल, कारण कोणते औषध किती मात्रेत गेले, यावर पुढची सारी मसलत अवलंबून आहे. डॉक्सोरुबिसिन हे लाल रंगाचे औषध हृदयाच्या स्नायूला इजा करते, आणि ती इजा एकूण मात्रेबरोबर वाढत जाते: शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे ४०० मिलिग्रॅमपर्यंत सुमारे ५ टक्के रुग्णांत, तर ५५० पर्यंत सुमारे २६ टक्के रुग्णांत हृदय दुर्बल झाल्याची नोंद आहे. ही इजा काही वेळा अनेक वर्षांनंतर प्रकट होते. ब्लिओमायसिन फुप्फुसांवर घाला घालते. म्हणूनच १९९६ साली सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग याच्यासाठी ते टाळून दुसरी औषधे योजण्यात आली होती (पुढे उत्तेजकांच्या प्रकरणात त्याची कीर्ती धुळीस मिळाली, तो भाग निराळा). लेट्रोझोलसारख्या गोळ्या हाडांची घनता उतरवतात. टॅक्सेन वर्गातील औषधे व ऑक्सॅलिप्लॅटिन पायांच्या चेतातंतूंना बधिर करतात, आणि इथे नागावच्या वाळूचा प्रश्न येतो.

वाळू मऊ, म्हणून पायांना सोयीची, ही समजूत अर्धीच खरी आहे. बेल्जियममधील संशोधकांनी १९९८ साली मोजून दाखवले की, मोकळ्या वाळूवर धावण्यास कठीण जमिनीपेक्षा १.६ पट, आणि चालण्यास तर २.१ ते २.७ पट ऊर्जा खर्च होते. कारण वाळू पायाखालून सरकते, तिला हलवण्यात श्रम वाया जातात आणि स्नायूंची कार्यक्षमताही घटते. तात्पर्य, सुरूच्या बनालगतची कोरडी वाळू नुकते पुनरागमन करणाऱ्यासाठी सर्वांत महाग, आणि ओहोटीने उघडी पडलेली ओली, घट्ट पट्टी सर्वांत स्वस्त. मात्र ओहोटीची वेळ दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, तेव्हा पहाटेचा गारवा आणि घट्ट पुळण यांचा योग रोज जुळत नाही. उरलेल्या दिवशी नारळी-पोफळीच्या वाड्यांमधला सावलीचा रस्ता बरा. पाय बधिर असलेल्याने अनवाणी धावण्याचा मोह सर्वस्वी टाळावा, कारण शिंपल्याने किंवा पर्यटकांनी टाकलेल्या बाटलीच्या काचेने झालेली जखम त्याला घरी पोचेपर्यंत कळणार नाही, आणि पांढऱ्या पेशी अद्याप कमी असतील तर तीच जखम पुन्हा रुग्णालयाची वाट दाखवील. शिवाय इथल्या दमट हवेत घाम वाळत नाही, देह निवत नाही, आणि नाडी हकनाक चढते.

गतीचे माप साधे आहे: सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल एवढाच दम लागावा. प्रथम काही आठवडे नुसते चालणे, मग चालण्यात पेरलेली थोडी धाव. आठवड्यातून तीन वेळा अर्धा तास असा मध्यम व्यायाम आठ ते बारा आठवडे केल्यास झोपेनेही न जाणारा कर्करोगाचा तो विलक्षण थकवा उतरतो, असा २०१९ मधील आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळाचा निर्वाळा आहे. छातीत दुखणे, भोवळ, पायांवर सूज, ताप किंवा एखाद्या हाडात नव्याने उठलेली वेदना, यांपैकी काही जाणवताच मात्र ताबडतोब थांबावे.

मांडव्याहून लाँचने किंवा पेणमार्गे एस.टी.ने फॉलो-अपसाठी परळच्या टाटा रुग्णालयात जाणाऱ्या वाचकांना एवढीच विनंती: पुढच्या खेपेस डॉक्टरांकडून आपल्या औषधांची नावे व एकूण मात्रा कागदावर लिहून घ्या, टूडी एको व हिमोग्लोबिनची तपासणी हवी का ते विचारा, आणि 'मला धावायचे आहे' हे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगा.