भिंतीतील वामनवृक्ष

जुन्या वाड्याच्या भिंतीत, विहिरीच्या कठड्यात किंवा पुलाच्या सांध्यात उगवलेले वडाचे वा पिंपळाचे रोप आपण पाहिले असेल. ते कोणी लावलेले नसते. तांबट, साळुंकी, बुलबुल यांसारखे पक्षी या झाडांची फळे खातात आणि त्यांच्या विष्ठेतून बारीक बिया फटींत पडतात. चिमूटभर धूळ आणि पावसाचा ओलावा एवढ्या आधारावर रोप रुजते. हेच बी मोकळ्या जमिनीत पडले असते, तर वीस वर्षांत त्याचा डेरेदार वृक्ष झाला असता. भिंतीत त्याची उंची हातभरच राहते. बुंधा तेवढा जाड होतो आणि मुळे विटांच्या सांध्यांत चपटी पसरतात. वामनवृक्षाची, म्हणजेच बोन्सायची, अर्धी घडण येथे आधीच झालेली असते.

‘बोन्साय’ या जपानी शब्दाचा अर्थ उथळ पात्रातील लागवड असा आहे. ही कला चीनमधून जपानमध्ये गेली. तेथे डोंगरकड्यांवरची खुरटलेली झाडे काढून आणून त्यांना वळण देण्याची जुनी परंपरा आहे. अशा झाडांना ‘यामादोरी’ म्हणतात. आपल्या उष्ण प्रदेशात पाइनसारख्या थंड हवेतील झाडांचा हट्ट धरण्यापेक्षा वड, पिंपळ, उंबर, नांदरुक हीच झाडे घ्यावीत. त्यांतही लहान पानांचा नांदरुक सर्वांत सोयीचा. पिंपळाचे पान मोठे आणि देठ लांब असल्यामुळे त्याचे प्रमाण साधणे कठीण जाते.

या छंदाला बेंगळुरूचे हवामान फार अनुकूल आहे. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसले आहे. एप्रिल-मे महिन्यांत तेथे वळवाच्या सरी येतात आणि पाऊस ऑक्टोबरपर्यंत अधूनमधून पडत राहतो. १७६० मध्ये हैदर अलीने उभारण्यास आरंभ केलेल्या लालबागेत आज बोन्सायचा स्वतंत्र विभाग आहे. दुसरीकडे, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वसवलेल्या बसवनगुडी, मल्लेश्वरम या भागांतील जुनी घरे पाडली जात आहेत आणि त्यांच्या भिंतींतील झाडे राडारोड्याबरोबर नाहीशी होतात. गवंड्याच्या दृष्टीने ती भिंत फोडणारी शत्रूच! घरमालकाच्या परवानगीने अशी झाडे वाचवावीत. रानातील झाड उपटून आणणे मात्र सर्वथा गैर आहे.

झाड ओढून काढू नये. ओढले की मुळांची साल सोलवटते. छिन्नीने भोवतालचा चुना आणि विटा फोडून बुंध्याजवळची बारीक मुळे जपावीत. लांब, जाड मुळे धारदार करवतीने कापावीत. कापलेल्या जागी पांढरा चीक वाहतो. तो पाण्याने धुतला की थोड्या वेळात थांबतो. मुळे गेली तेवढ्या प्रमाणात फांद्याही छाटाव्या लागतात, कारण उरलेली मुळे सर्व पानांना पाणी पुरवू शकत नाहीत. हे काम पावसाच्या तोंडावर केलेले बरे.

नवशिक्याची चूक पुढे होते. तो झाड लगेच सुंदर उथळ कुंडीत बसवतो, तारा गुंडाळतो, खत घालतो आणि महिनाभरात झाड वाळते. प्रथम साधी, खोल कुंडी घ्यावी. तीत विटांचा चुरा, जाड वाळू आणि थोडे कुजलेले शेणखत भरावे. पाणी साचता कामा नये. झाड सावलीत ठेवून वर प्लॅस्टिकची पिशवी सैल पांघरावी. नवे कोंब फुटले तरी मुळे धरली असे समजू नये; बुंध्यात साठलेल्या अन्नावरही कोंब फुटतात. निदान वर्षभर त्याला मोकळे वाढू द्यावे.

बोन्साय म्हणजे उपाशी ठेवून केलेला झाडाचा छळ, असा आक्षेप पुष्कळदा घेतला जातो. उपाशी झाड लहान राहत नाही, ते मरते. बोन्सायला ऊन, पाणी आणि वाढीच्या काळात खत नियमित द्यावे लागते. त्याचा आकार लहान राहतो तो छाटणीमुळे. हा आक्षेप खरा ठरतो तो निष्काळजी माणसाच्या बाबतीत. कुंडीतील थोडीशी माती उन्हाळ्यात एका दिवसात कोरडी पडते आणि झाडाला दुसरीकडून पाणी शोधता येत नाही.

दुसऱ्या वर्षी फांद्यांना ॲल्युमिनियमची तार तिरकी गुंडाळून वळण द्यावे. वडाच्या कुळातील फांद्या पावसाळ्यात झपाट्याने जाड होतात. तार सालीत रुतण्यापूर्वीच ती कापून काढावी. उलगडू गेल्यास फांदी मोडण्याची भीती असते. पुढे साधारण दर दोन वर्षांनी झाड कुंडीबाहेर काढून मुळांचा तिसरा हिस्सा छाटावा आणि माती बदलावी. भिंतीला टेकून वाढलेली मुळांची चपटी बाजू त्या वेळी स्पष्ट दिसते. अनेक जण ती मागे लपवतात. माझ्या मते ती पुढे ठेवावी. काही झाडांवर तर विटांच्या सांध्यांच्या रेषाही उमटलेल्या असतात.