दिव्यांग प्रमाणपत्र नसेल तर शाळा प्रवेश नाकारू शकते का? ४० टक्क्यांची अट नेमकी कुठे लागते?

"आधी सर्टिफिकेट आणा, मग बघू."

"टक्केवारी ४० च्या खाली आहे, तुमच्या मुलाला काहीच मिळणार नाही."

"आमच्याकडे स्पेशल टीचर नाही, तुम्ही स्पेशल स्कूल बघा."

दिव्यांग मुलांच्या पालकांना शाळाप्रवेशाच्या दिवसांत ही वाक्यं ऐकावी लागतात. यातलं पहिलं आणि तिसरं वाक्य कायद्यात बसत नाही. दुसरं अर्धवट खरं आहे. पण पालक त्यावर विश्वास ठेवून थांबतात आणि मुलाचं एक वर्ष घरात जातं.

गोंधळ होतो, कारण आपण 'पात्रता' हा शब्द एकाच अर्थाने वापरतो. प्रत्यक्षात शाळेतला प्रवेश, शाळेत मिळणारी मदत, आरक्षण आणि घरी राहून शिक्षण या चार वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्येकीची अटही वेगळी आहे. एकेक करून समजून घेऊया.

शाळेत प्रवेश हवा असेल तर किती टक्के दिव्यांगत्व लागतं?

एकही टक्का लागत नाही.

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या कलम १६ नुसार सरकारी अनुदान घेणाऱ्या किंवा सरकारमान्य असलेल्या शाळांनी दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आहे. या कलमात ४० टक्क्यांचा उल्लेख नाही. विनाअनुदानित खाजगी शाळेलाही मान्यता सरकारच देते, त्यामुळे तीही यात येते.

या कायद्यात दोन वेगळ्या व्याख्या आहेत आणि सगळी गडबड तिथेच होते. एक आहे 'दिव्यांग व्यक्ती'. या व्याख्येला टक्केवारी नाही. दुसरी आहे 'लक्षणीय दिव्यांगत्व असलेली व्यक्ती', म्हणजे ४० टक्के किंवा त्याहून जास्त. प्रवेशाचा हक्क पहिल्या गटाला आहे, काही खास लाभ दुसऱ्या गटाला.

त्याशिवाय शिक्षण हक्क कायदा आहेच. ६ ते १४ वयाच्या कुठल्याही मुलाला प्रवेश देताना चाचणी किंवा मुलाखत घेता येत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. मूल आठ वर्षांचं झालं आणि कधीच शाळेत गेलं नसेल, तरी त्याला वयानुरूप वर्गात बसवायचं असतं, पहिलीत नाही.

शाळेत कोणती मदत मिळते?

ही मदत प्रामुख्याने 'समग्र शिक्षा' योजनेतून येते. २०१८-१९ पासून ही योजना सुरू आहे. तिच्यात पूर्वप्राथमिक ते बारावीपर्यंतची, २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांपैकी कोणतंही असलेली मुलं येतात. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल हे सगळं या २१ मध्ये आहे.

मदत म्हणजे काय? गरजेनुसार ब्रेल किंवा मोठ्या अक्षरातली पुस्तकं, श्रवणयंत्र, व्हीलचेअर, कॅलिपर, थेरपी, प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता. योजनेत यासाठी प्रति मूल प्रति वर्ष ३,५०० रुपयांपर्यंतची तरतूद आहे. दिव्यांग मुलींना दरमहा २०० रुपये याप्रमाणे १० महिन्यांचा भत्ता वेगळा.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ३,५०० रुपये ही पालकांच्या खात्यात जमा होणारी रक्कम नाही. ती सेवा आणि साधनांसाठीची तरतूद आहे. मुलींचा भत्ता मात्र थेट खात्यात जातो.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे हा निधी सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांसाठी आहे. खाजगी विनाअनुदानित शाळेवर मुलाला सामावून घेण्याची जबाबदारी आहे, पण या योजनेचे पैसे तिथे येत नाहीत. शाळा निवडताना हे लक्षात ठेवा.

या सगळ्यासाठी कुणाला भेटायचं? तालुक्याच्या गटसाधन केंद्रात (शहरात शहर साधन केंद्रात) समावेशित शिक्षणाचं काम पाहणारे विशेष शिक्षक असतात. त्यांची भेट घ्या आणि शाळेच्या यू-डायस नोंदीत तुमच्या मुलाचं दिव्यांगत्व नोंदवलंय का, ते मुख्याध्यापकांना विचारा. मूल वर्गात बसतं, पण नोंदीत 'दिव्यांग' म्हणून नसतं, असं झालं तर योजनेच्या आकडेवारीत ते दिसतच नाही.

मग ४० टक्के कुठे लागतात?

मुख्यतः या ठिकाणी:

• १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण: शिक्षण हक्क कायद्याचं मोफत शिक्षण १४ व्या वर्षी थांबतं. लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलांना ते कलम ३१ नुसार ६ ते १८ वयापर्यंत आहे, जवळच्या शाळेत किंवा त्यांच्या पसंतीच्या विशेष शाळेत.

• आरटीई २५ टक्के प्रवेश: महाराष्ट्रात ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेलं मूल 'वंचित घटका'त येतं. त्यासाठी पालकांच्या उत्पन्नाची अट नाही. एक लाखाच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला लागतो तो आर्थिक दुर्बल घटकासाठी. दोन्हींची सरमिसळ करून कुणी उत्पन्नाचा दाखला मागत असेल तर नियम दाखवायला सांगा.

• केंद्राची नववी-दहावीची शिष्यवृत्ती: इथे ४० टक्क्यांबरोबर पालकांचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावं लागतं.

• उच्च शिक्षणात ५ टक्के आरक्षण: सरकारी आणि अनुदानित संस्थांमध्ये, कलम ३२ नुसार.

थोडक्यात, ३० टक्के दिव्यांगत्व असलेल्या मुलाला या यादीतलं काही मिळणार नाही, पण प्रवेश आणि वर्गात लागणारी मदत मागण्याचा हक्क त्यालाही आहे.

"तुम्ही घरीच शिकवा" असं शाळा सांगू शकते का?

नाही. २०१२ मध्ये शिक्षण हक्क कायद्यात दुरुस्ती होऊन गृहाधारित शिक्षणाची सोय आली. ती बहुविकलांग आणि तीव्र, म्हणजे ८० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलांसाठी आहे. कायद्याचा शब्द 'पर्याय' असा आहे आणि तो निवडायचा आहे मुलाने आणि पालकांनी. शाळेला जड जातंय म्हणून मूल घरी पाठवायचा तो मार्ग नाही.

विशेष शाळेचंही तसंच. मूकबधिर, अंध किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठीच्या शाळा दिव्यांग कल्याण विभागाच्या अखत्यारीत येतात. कर्णबधिर मुलाला सांकेतिक भाषेतून शिकायचं असेल तर अशी शाळा जास्त उपयोगी पडू शकते. पण तो निर्णय मुलाची गरज बघून घरच्यांनी घ्यायचा असतो.

विशेष शिक्षक नसल्याची सबबही टिकत नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक स्तरावर दर १० दिव्यांग मुलांमागे एक आणि त्यापुढच्या वर्गांत दर १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण ठरवून दिलं. पदं भरण्यात सरकार मागे असेल, तर त्याची किंमत मुलाने मोजायची नाही.

मूल हुशार आहे, पण लिहिता-वाचता येत नाही?

ही विशिष्ट अध्ययन अक्षमता असू शकते, म्हणजे डिस्लेक्सियासारखी अडचण. डोळ्यांना दिसत नसल्यामुळे 'आळशी', 'लक्ष देत नाही' असे शिक्के बसतात. तिची औपचारिक तपासणी साधारण तिसरीत किंवा वयाच्या आठव्या वर्षी होते. मुंबईत महापालिकेच्या सायन आणि नायर रुग्णालयांत त्यासाठी केंद्रं आहेत.

हे प्रमाणपत्र दहावीच्या तोंडावर काढायला धावू नका. बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ किंवा लेखनिक अशा सवलती मिळतात, पण आठ वर्षांच्या मुलाला पुढची सहा-सात वर्षं वर्गात मिळू शकणारी मदत त्याहून मोठी आहे.

प्रमाणपत्र कसं काढायचं?

स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीसाठी अर्ज करा. आधार कार्ड, फोटो आणि पत्त्याचा पुरावा लागतो. मग जिल्हा रुग्णालयात किंवा नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयात तपासणी होते. २०२४ च्या सुधारित नियमांनुसार अर्जावर तीन महिन्यांत निर्णय व्हायला हवा. कार्ड तीन रंगांत असतं: ४० टक्क्यांखाली पांढरं, ४० ते ८० पिवळं आणि ८० व त्यापुढे निळं. पांढरं कार्ड मिळालं म्हणजे अर्ज फेटाळला असं नाही. मूल दिव्यांग असल्याची ती अधिकृत नोंदच आहे.

मूल सहा वर्षांच्या आत असेल तर अंगणवाडीत येणाऱ्या आरोग्य तपासणी पथकाला दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीची तपासणी वर्षातून दोनदा आणि शाळेची एकदा होते.

शाळेने नाही म्हटलं तर?

१. नकार लेखी मागा. बऱ्याचदा इथेच शाळेचा सूर बदलतो.

२. गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, शहरात महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. शिक्षण हक्क कायद्यानुसार स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो.

३. तो पटला नाही तर महाराष्ट्र राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. दिव्यांग हक्क कायद्याचा भंग झाला असेल तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडेही जाता येतं.

प्रमाणपत्र काढायचंच आहे, कारण पुढे ते लागणार आहे. पण प्रवेशाचा अर्ज आणि प्रमाणपत्राचा अर्ज एकाच आठवड्यात करा. एकासाठी दुसरं थांबवून ठेवायची गरज नाही.