कुबाताव : डोंगराने आणलेले कारखाने, डोंगराने अडवलेला धूर



दहावीच्या भूगोलात आपण भारत आणि ब्राझीलची तुलना शिकवतो. त्यातला ‘अजस्र कडा’ मुलं पाठ करतात, पण तिथं माणसं कशी राहतात हे बऱ्याचदा राहून जातं. त्यासाठी कुबाताव या औद्योगिक शहराचं उदाहरण घ्या.

स्थान : कुबाताव साओ पावलो राज्यात आहे. नकाशात आधी सांतोस बंदर शोधा. त्याच्या जवळच, कड्याच्या पायथ्याशी हे शहर सापडेल. किनाऱ्याकडे खारफुटी, पाठीमागे ‘सेरा दो मार’ ही डोंगररांग. कड्यावरच्या पठारावर, सुमारे 760 मीटर उंचीवर साओ पावलो महानगर.

कारखाने इथेच का? हा प्रश्न मुलांनाच विचारा. उत्तरं नकाशात आहेत. कच्चा माल आणायला बंदर जवळ. सांतोसहून घाट चढून जाणारी रेल्वे 1867 पासून, पुढे 1947 मध्ये महामार्ग. वर साओ पावलोची मोठी बाजारपेठ. आणि वीज! पठारावरचं पाणी नळांतून 700 मीटरहून अधिक खाली सोडून 1926 पासून इथं वीज तयार होऊ लागली. आपल्याकडे लोणावळ्याचं पाणी खोपोलीला उतरवतात, तसंच. मग 1955 मध्ये तेलशुद्धीकरण कारखाना आला. पाठोपाठ पोलाद, खते आणि रसायनांचे कारखाने आले.

पुढे काय झालं? ज्या कड्यामुळे वीज मिळाली, त्याच कड्याने धूर अडवला. समुद्रावरून येणारा वारा धूर डोंगराकडे ढकलायचा आणि तो तिथेच साचून राहायचा. 1980 च्या सुमारास जग या भागाला ‘मृत्यूची दरी’ म्हणू लागलं. उतारावरची झाडं मेली. माती धरून ठेवणारी मुळं गेली, तशा दरडी कोसळू लागल्या. कामगारांच्या वस्त्या कारखान्यांना खेटूनच होत्या. फेब्रुवारी 1984 मध्ये विला सोको या वस्तीखालून जाणाऱ्या नळातून पेट्रोल गळलं आणि रात्रीच्या आगीत अधिकृत आकड्यानुसार 93 जण दगावले.

मग सुधारणा कशी झाली? 1983 पासून राज्याच्या पर्यावरण यंत्रणेने प्रदूषणाचे स्रोत एकेक करून नोंदवले. ते 320 निघाले! प्रत्येक कारखान्याला मुदत दिली, धूर गाळणारी यंत्रं बसवायला लावली. उजाड उतारांवर हेलिकॉप्टरमधून बिया टाकल्या. जंगल पुन्हा धरू लागलं, खारफुटीत लालभडक आयबिस पक्षी परतले. प्रश्न सगळे संपले नाहीत. पण कारखाने चालू ठेवूनही हवा बरीच सुधारता येते, हे दिसलं.

वर्गात काय घ्याल? ‘उद्योगांच्या स्थानिकीकरणाचे घटक’ शिकवताना आपण कच्चा माल, वीज, वाहतूक, बाजारपेठ इथवर थांबतो. त्या यादीत आणखी तीन प्रश्न घाला : वारा कुठून येतो? धूर कुठे जातो? आणि तिथं राहतं कोण?

पालकहो, तुमच्या जवळ एखादी एमआयडीसी असेल तर मुलांसोबत तिचा साधा नकाशा काढा. त्यात नदी, डोंगर, वाऱ्याची दिशा आणि घरं दाखवा. मग हेच तीन प्रश्न विचारा. कुबातावला ते फार उशिरा विचारले गेले.