जुन्या संगणकाचे सुटे भाग : शोध आणि पारख

जुना संगणक दुरुस्त करून, त्यात आपल्या आवडीचे फेरबदल करून तो पुन्हा चालता करणे हा अनेकांचा छंद असतो. त्यात डाग देण्याच्या कौशल्याइतकीच योग्य सुटा भाग ओळखण्याची पारखही महत्त्वाची ठरते.

१९८२ साली आलेला ‘कमोडोर ६४’ हा संगणक पाहावा. त्याच्या ध्वनीचा प्राण म्हणजे रॉबर्ट यानेस यांनी रचलेली ‘सिड’ ही चिप. १९९४ मध्ये कमोडोर कंपनी बुडाली आणि आता ही चिप तयार होत नाही. त्यामुळे जुन्याच चिपा हातोहाती फिरतात. कधी भलत्याच चिपेवरील अक्षरे घासून हवा तो क्रमांक छापलेला असतो. म्हणून चालू यंत्रात आवाज ऐकल्यावाचून ती विकत घेऊ नये.

चिप अस्सल असली तरी काम संपत नाही. या चिपेचे ६५८१ आणि ८५८० असे दोन प्रकार आहेत. दोन्ही दिसायला सारख्या, पायही अठ्ठावीसच; परंतु पहिलीस १२ व्होल्ट लागतात, दुसरीस ९. पहिलीच्या जागी दुसरी तशीच बसवली, तर दुर्मीळ चिप कायमची गमावण्याचा धोका असतो.

कपॅसिटरची गोष्ट वेगळी. ते आजही बनतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर, तसेच पुण्यात बुधवार पेठेत अशा सुट्या भागांची दुकाने आहेत. तेथे मायक्रोफॅरडचा आकडा मूळचाच मागावा. व्होल्टची मर्यादा मूळच्या इतकी किंवा थोडी अधिक असावी. आणि ८५ अंशांऐवजी १०५ अंश तापमान सोसणारा नग निवडावा. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बसवताना धन-ऋण टोके उलटी झाली, तर तो फुटू शकतो.

या सर्वांआधी एक दक्षता घ्यावी. कमोडोरचा मूळ वीजपुरवठा बिघडल्यास ५ व्होल्टच्या वाहिनीवर अधिक दाब येतो आणि स्मृतीच्या चिपा जळतात. अशा वेळी केवळ चिप बदलली, तर नवीही जुनीच्याच वाटेने जाते. म्हणून प्रथम मल्टिमीटरने वीजदाब मोजावा, बिघाडाचे मूळ शोधावे आणि त्यानंतरच खरेदीची यादी करावी. जे भाग पुन्हा बनणार नाहीत, त्यांचे रक्षण या क्रमानेच होते.