झिजलेल्या खिळ्यांची साक्ष

जुन्या छापील ग्रंथाचा अभ्यास म्हणजे केवळ त्यातील मजकुराचे वाचन नव्हे. मुखपृष्ठ, नक्षी, कागद, बांधणी आणि अक्षर उमटविणारा धातूचा खिळा, ही सारी ग्रंथाची अंगे होत. त्यांतील सर्वांत लहान अंगाच्या, म्हणजे खिळ्याच्या आधारे पावणेचारशे वर्षांचे एक कोडे अलीकडे उलगडले आहे.

इंग्लंडच्या पार्लमेंटने १६४३ साली परवान्यावाचून पुस्तके छापण्यास मनाई केली. या निर्बंधाचा प्रतिवाद करणारी ‘अ‍ॅरिओपॅजिटिका’ ही पुस्तिका कवी जॉन मिल्टन यांनी १६४४ साली विनापरवाना प्रसिद्ध केली. तिच्यावर लेखकाचे नाव होते, मुद्रकाचे मात्र नव्हते. छापखाना जप्त होण्याचे व अटकेचे भय मुद्रकासही होते.

त्या काळी हाताने जुळविलेले खिळे एका पुस्तकानंतर दुसऱ्यासाठी पुनःपुन्हा वापरले जात. वापरात एखाद्याचा कोपरा तुटे, एखादा वाके, आणि ते व्यंग पुढे प्रत्येक वेळी कागदावर उमटे. निनावी पुस्तिकेतील अशी अनेक व्यंगी अक्षरे एखाद्या मुद्रकाच्या नावानिशी छापलेल्या पुस्तकांतही आढळली, तर दोन्हींचा छापखाना एकच असावा, असे अनुमान निघते. एकाच अक्षरावरून मात्र निर्णय करता येत नाही.

केवळ डोळ्यांनी हे काम करण्यास वर्षे लागतात. म्हणून अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधक व त्यांचे सहकारी यांनी संगणकाचे साह्य घेतले. संगणक पानांच्या छायाचित्रांतून एकेक अक्षर वेगळे काढतो व समान अक्षरे एकत्र मांडतो. अंतिम निवाडा अभ्यासकच करतात. १६४० च्या दशकातील १०० पुस्तिका ताडून पाहिल्यावर २०२० साली त्यांनी लंडनचे मॅथ्यू सिमन्स व टॉमस पेन हे या पुस्तिकेचे मुद्रक असल्याचा निष्कर्ष मांडला. (हे पेन पुढील शतकातील प्रसिद्ध लेखक नव्हेत.) धर्मस्वातंत्र्याचा पुरस्कार करणारे रॉजर विल्यम्स यांचे पुस्तकही याच दोघांनी गुप्तपणे छापल्याचे दिसून आले. लेखकांबरोबरच या मुद्रकांनीही विचारस्वातंत्र्यासाठी धोका पत्करला होता, ही गोष्ट त्यामुळे उजेडात आली.

आपल्याकडील वाचनालयांत व घरांतही जुनी खिळाछाप पुस्तके आढळतात. शिळाछाप पोथ्यांना ही पद्धत लागू पडत नाही, कारण तेथे सुटे खिळे नसतात. खिळाछाप पुस्तकांतील तुटकी अक्षरे मात्र शाईने गिरवू नयेत आणि फाटके मुखपृष्ठ टाकून देऊ नये. आज जो दोष वाटतो, तोच उद्या पुरावा ठरू शकतो.