जुना कॅमेरा घेताना शटर कसे तपासावे?

लग्नसराईच्या तोंडावर छायाचित्रणाच्या व्यवसायात उतरणारे अनेक तरुण नव्याऐवजी वापरलेला डीएसएलआर कॅमेरा घेतात. सौदा करताना बाहेरचे ओरखडे, सुटलेले रबर आणि लेन्स यांकडे लक्ष जाते. शटर मात्र बहुधा न पाहताच पैसे मोजले जातात. ऐन मुहूर्तावर शटर अडकले, तर तो क्षण परत येत नाही. शिवाय जुन्या कॅमेऱ्याचे शटर बदलण्याचा खर्च कधीकधी त्याच्या बाजारभावाच्या जवळपास पोहोचतो.

शटर म्हणजे सेन्सरसमोरून सरकणारे, पातळ पात्यांचे दोन पडदे. पहिला पडदा प्रकाशाला वाट करून देतो, दुसरा ती बंद करतो. वेग अधिक असेल, तेव्हा पहिला पूर्ण उघडण्यापूर्वीच दुसरा निघतो आणि दोहोंमधील अरुंद फट सेन्सरवरून सरकत जाते. पाती सतत एकमेकांवर घासत असल्याने कालांतराने त्यांवर फिकट, चकाकणाऱ्या रेषा उमटतात. ही स्वाभाविक झीज होय. केवळ तेवढ्यावरून कॅमेरा नाकारण्याचे कारण नाही.

पाहायचे काय?

लेन्स काढून आरसा वर उचलून धरण्याची सोय वापरली की मिटलेली पाती दिसतात. वाकलेले पाते, सुरकुती, दोन पात्यांमध्ये दिसणारी फट किंवा तेलाचा ओघळ ही धोक्याची लक्षणे. पात्यांना बोट लावू नये. दाबाखालील हवेचा फवाराही मारू नये.

खुणा निरुपद्रवी आहेत की नाहीत, याचा निर्णय अखेर छायाचित्रच देते. दिवसाच्या प्रकाशात एकसारख्या पांढऱ्या भिंतीची छायाचित्रे १/६० पासून १/४००० सेकंदापर्यंत, आयएसओ व छिद्र जुळवून घेत काढावीत. वरच्या किंवा खालच्या कडेला काळपट पट्टा आला, तर दोन्ही पडद्यांची चाल जुळत नाही असे समजावे. ट्यूबलाइट वा एलईडीखाली असे पट्टे निर्दोष कॅमेऱ्यातही येतात, म्हणून दिव्यांखाली केलेली चाचणी ग्राह्य धरू नये. मिररलेस कॅमेऱ्यात इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून यांत्रिक शटर निवडावे; अन्यथा पात्यांची परीक्षाच होत नाही.

त्यानंतर एफ/१६ वर निरभ्र आकाशाचे छायाचित्र काढावे. त्यावरील ठिपके धुळीचे असतील, तर सफाईने जातात. पुन्हा पुन्हा उमटणारे ठिपके तेलाचे असू शकतात. निकॉन डी६०० मधील अशाच ठिपक्यांच्या तक्रारींनंतर कंपनीने २०१४ मध्ये तपासणी, सफाई आणि शटर बदलण्याची विनामूल्य सेवा जाहीर केली होती.

आकडा किती महत्त्वाचा?

निकॉन डी७५० चे शटर १,५०,००० वेळा, तर डी८५० चे २,००,००० वेळा उघडझाप करून तपासलेले असल्याचे कंपनी सांगते. ही हमी नव्हे, अंदाज आहे. अनेक निकॉन कॅमेऱ्यांच्या मूळ फाइलमध्ये ही संख्या नोंदलेली असते. विक्रेत्याकडून ताजी फाइल मागून ती पडताळता येते.

थोडक्यात, फिकट रेषा आणि एकसारखी छायाचित्रे असतील, तर घासाघीस करून कॅमेरा घ्यावा. पाती चकचकीत, पण भिंतीवर पट्टा दिसत असेल, तर किंमत कितीही मोहक असली तरी सौदा सोडून द्यावा.